झुलाल मास्तरांची कोरडी बाटली

झुलाल मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका बाटलीला दम देत होते. अगदी खरं सांगतो. शहाद्याच्या आमच्या शाळेत शास्त्रासाठी म्हणून जी खोली होती, ती मुळात लाकूडफाट्याची. तिच्यात एक कपाट, एक टेबल, आणि टेबलामागे धोतर, काळा कोट, काठाशी जळकी टोपी अशा थाटात हा गृहस्थ उभा. बाटलीच्या बुचाभोवती कापड गुंडाळून हळूहळू फिरवतोय आणि म्हणतोय, "हं, जास्ती शहाणपना नही. गपचूप ऱ्हाय." शेतात बैलाशी बोलावं तसं. मी नाशिककडचा, संस्कृत शिकवायला नवा आलेलो. अहिराणी कानावर पडायची ती पहिलीच वेळ, आणि तीही एका बाटलीला उद्देशून. मी हसलो. त्यांनी मान वर न करता मला दारातच थांबायला सांगितलं आणि विचारलं, हात ओले आहेत का? मी म्हटलं, आत्ताच धुतलेत. तर म्हणाले, मग वाळवून या. ही आमची ओळख.

मास्तर कळसाडीचे. घरची जमीन, कापूस, भाऊ शेती बघणारे, हाच एक कॉलेजात गेलेला. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत ते मुंबईला एका रेडिओच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होते. लढाई संपली, कारखान्यातली माणसं कमी झाली, आणि हे एक कायमचा खोकला, थोडी पुस्तकं आणि ती बाटली घेऊन गावाकडे परतले. खोकला त्या बाटलीतल्या द्रवानेच दिलेला होता, पण त्याबद्दल त्यांच्या मनात काडीचा राग नव्हता. उलट कौतुकच.

त्या द्रवाचं नाव मिथिल ट्रायक्लोरोसिलेन. हे नाव मला पाठ व्हायला आठवडा लागला आणि मास्तरांनी त्यावरून माझी महिनाभर थट्टा केली. एवढे लांबलचक समास गिळता आणि या बिचाऱ्याला घशात अडकवता, म्हणायचे. मला ते शास्त्रीबुवा म्हणत. मी त्यांना झुलालऋषी म्हणत असे, कारण वर्गात धूर काढल्याशिवाय त्यांचा तास संपत नसे.

दिसायला तो द्रव निव्वळ पाणी. फुलपात्रात ओतून समोर ठेवला तर माणूस उचलून तोंडाला लावील, आणि तीच त्याची लबाडी असं मास्तर सांगत. बूच उघडलं की पांढरा धूर. तो धूर बाटलीतला नसतो, हवेतल्या दमटपणाशी त्याचं भांडण लागून तिथल्या तिथे तयार होतो. दमेकऱ्याला ठसका लागावा असा वास. मिठाच्या तेजाबाचाच, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाचाच तो वायू, डोळे, नाक, घसा सगळं जाळणारा. शिवाय त्याची वाफ जड, जमिनीलगत सरकत जाणारी, दिव्याजवळ पोचली तर पेट घेणारी. एवढे सगळे दुर्गुण सांगून झाले की मास्तर खिशातून काचेची पट्टी काढत. त्या वाफेवर एकदा धरलेली. तिच्यावर पाणी टाकलं की ते पसरतच नसे, गोळ्या होऊन घरंगळून जाई आणि काच कोरडी. कारखान्यात चिनी मातीच्या तुकड्यांवर हीच वाफ देत, म्हणजे दमट हवेत त्यांच्यावर पाणी धरत नसे आणि रेडिओ बिघडत नसे. "इतला वाईट गडी, पन काम देखा त्यानं," असं म्हणताना त्यांचा चेहरा असा फुलायचा, की मला हेवा वाटे. मला एकाही धातुरूपाबद्दल तेवढं प्रेम कधी वाटलेलं नाही, कबूल करतो.

त्यांच्या सवयी अजब होत्या. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर लगेच द्यायचे नाहीत. आधी "पह्यले देख, मंग बोल" एवढंच म्हणायचे आणि मुलाला टेबलाशी आणून उभं करायचे. कोणाच्याही घरी गेले की विहिरीच्या पाण्याची चौकशी. आंबट लागताच रंग बदलणाऱ्या, जास्वंदीच्या फुलांच्या रसात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या त्यांच्या कोटात कायम असत, आणि एका लग्नात त्यांनी त्यातली एक कढीत बुडवून पाहिली होती. यजमानीणबाई वर्षभर बोलल्या नाहीत. काहीही हुंगायचं तर नाक नेत नसत, हाताने वारा घालून वास आपल्याकडे आणत. पुढे पुढे मी आंबादेखील तसाच हुंगायला लागलो, आणि आमच्या घरात त्यावरून बरंच हसू झालं.

आणि एक धडा ते दर आठवड्याला घोकून घेत. बाटली उंच धरायची आणि विचारायचं, "हिला काय चालत नाही?" साठ पोरं एका सुरात ओरडायची, "पाणी!" सांडली तर? "कोरडी वाळू!" पेटली तर? "पाणी नको, वाळू!" माझा वर्ग भिंतीपलीकडे. माझे रघुवंशातले राजे त्या आरोळ्यांनी दचकत. मी तक्रार केली तर म्हणाले, शास्त्रीबुवा, आपल्या मुलखात आग दिसली की माणूस आधी हंडा उचलतो, हा हात मला यांच्या अंगातून काढायचाय. पटण्यासारखं होतं. मी भिंतीपलीकडे गप्प बसलो.

एकदा तपासणीला साहेब आले. मास्तरांनी त्यांना त्याच वाफेवर धरलेला आपला पांढरा रुमाल दिला आणि त्यात तांब्यातलं पाणी ओतलं. रुमालाची झोळी झाली, पाणी आतच, थेंब गळेना. साहेब खूष. एवढ्यावर थांबावं की नाही? पण साहेबांना बाटलीचंही कुतूहल वाटलं, आणि उरलेलं पाणी तिच्यात ओतून काय होतं ते पाहू या म्हणून त्यांनी तांब्या उचलला. मास्तरांनी सरळ साहेबांचं मनगट पकडलं. हेडमास्तरांचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होता. मास्तर मात्र शांतपणे म्हणाले, साहेब, आत ओतलंत तर बाटली फुटेल आणि आपण दोघंही. मग त्यांना अंगणात नेलं, बशीत चार थेंब घेतले, लांबून काडीने पाण्याचा एक थेंब सोडला. चर्रर्र झालं, पांढरा लोट उठला, साहेब संध्याकाळपर्यंत शिंकत होते. शेरा चांगला मिळाला, पण हेडमास्तरांनी नवा द्रव शाळेत आणायला कायमची बंदी घातली.

तो चमत्कारी रुमाल पुढे दोन महिन्यांनी मास्तर नाक पुसत असताना पापडासारखा फाटला. तेजाबाने सूत आतून खाल्लं होतं. मास्तर इतके हसले की खोकल्याची उबळ आली. पण तो फाटायच्या आधी तो केसरीशेठने पाहिला होता, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

केसरीमल शेठचं कापडाचं दुकान बाजारात. आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठचा जन्म शहाद्याचा, गिऱ्हाइकांशी बोलणं अस्सल अहिराणीतून. घरात जैन धर्माचं सगळं काटेकोर. सूर्य मावळला की तोंडात पाणी नाही. पाणी प्यायचं तेही जाड फडक्यातून गाळून, एखादा जीव पोटात जाऊ नये म्हणून. रोज संध्याकाळी मास्तर आणि मी त्यांच्या ओट्यावर बसत असू. बोलायचे ते दोघं, मी आपला शेव खायचो. शेठला शिक्षण चौथीपर्यंतचं, पण जिज्ञासा अशी की मास्तर म्हणायचे, माझ्या साठ पोरांत असा एक नाही.

रुमाल पाहून शेठच्या डोक्यात एकच घोळायला लागलं. सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांचा घोड्यांच्या झुलींच्या दुकानाचा पाल लागायचा. मार्गशीर्षातलं दव पडून झुली रात्रभर भिजतात, घोडी आखडतात. झूल अशी कोरडी राहिली तर? मास्तरांनी आधी हात झटकले. सूत टिकणार नाही, रुमालाचं बघितलंत ना. पण मग तेच विचारात पडले. लोकर तेजाबाला सुतापेक्षा बरी टिकते. लोकरीच्या झुलीला नुसती वाफ द्यायची, लगेच सोड्याच्या पाण्यातून काढायची. जमेलही. त्या दिवसापासून दोघं दहा वर्षांच्या पोरांसारखे झाले.

शेठने मुंबईच्या एका व्यापाऱ्याला लिहून लढाईतल्या उरल्यासुरल्या मालातून एक मोठी बाटली मागवली. ती भाद्रपदात आली, भुसा भरलेल्या खोक्यातून. हवा तेव्हा ओलीचिंब. मास्तर म्हणाले, आता उघडायची नाही. दिवाळी झाली, हवा कोरडी पडली, की कळसाडीला आमच्या खळ्यात उघड्यावर काम करू. शाळेत ठेवायला बंदी, म्हणून बाटली शेठच्या मागच्या खोलीत, कोरड्या वाळूच्या टोपलीत बसली. मास्तरांनी शेठकडूनही तो धडा पोरांसारखाच घोकून घेतला. हिला काय चालत नाही? पाणी. सांडली तर? वाळू.

शेठ म्हणजे नेमाचा माणूस. जसं व्रत घ्यावं तसा त्यांनी हा नेम घेतला. त्याच दिवशी दुकानातला माठ हलवला. आतल्या घरातली पिण्याची मडकी, गाळायचं फडकं, सगळं अंगण ओलांडून पलीकडच्या पडवीत. बघता बघता गावात बोभाटा झाला, कारण आमच्याकडे उन्हातून आलेल्या गिऱ्हाइकापुढे आधी तांब्या येतो आणि मग भाव निघतो. केसरीशेठ पाणीसुद्धा विचारत नाही! एक लोणखेड्याचा म्हातारा तर रागारागाने लुगडं टाकून निघून गेला. शेठने हात जोडून त्याला समजावलं, की पाणी देतो, पण समोरच्या ओट्यावर चला, इथे नाही. मास्तर ओट्यावर बसून हे बघत आणि माझ्याकडे वळून म्हणत, "देखा, याले म्हनतस शिकनं." त्यांना फार अभिमान वाटला होता. मलाही, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी ऑक्टोबरची उन्हं भयंकर तापली. दसरा होऊन गेला होता. शाळेत माझा तास नव्हता म्हणून मी दुपारी धोतरजोडी घ्यायला दुकानात गेलो होतो. शेठ आत जाऊन बाटली बघून येतो म्हणाले, रोज बघत असत. बुचाभोवती पांढरी खरपुडी धरली होती. कुठून तरी दमट हवा शिरून आत वायू साठत होता, हे पुढे मास्तरांनी सांगितलं. शेठने कोरडं फडकं घेतलं, शिकवल्याप्रमाणे, आणि खरपुडी पुसायला वाकले. हात लागायचं निमित्त झालं. फट् असा आवाज ऐकू आला आणि मग शेठची किंकाळी.

मी आत धावलो. खोलीत पांढरा धूर, शेठ दोन्ही हात तोंडावर घेऊन बसलेले. बूच उडालं होतं आणि द्रवाचा फवारा थेट चेहऱ्यावर बसला होता. मी त्यांना काखेत धरून अंगणात ओढलं. ते त्या अवस्थेतही फडक्याने चेहरा पुसत होते, कोरड्या फडक्याने, आणि म्हणत होते, वाळू टाका, बाटलीवर वाळू टाका. शेठाणी पडवीतून पाण्याची कळशी घेऊन धावत आल्या. शेठला पावलांवरून कळलं असावं. ते ओरडले, "पानी नको! मास्तरनी नको सांगेल शे!"

आणि शेठाणींचा हात मी धरला. ती बाई रडत होती, सोडा म्हणत होती. तिला शास्त्रातलं काही कळत नव्हतं, म्हणूनच ती बरोबर होती. मी शिकलेला माणूस, भिंतीपलीकडून वर्षभर तो धडा ऐकलेला. मी कळशी तिच्या हातातून काढून खाली ठेवली आणि कोणाला तरी मास्तरांना बोलवायला पिटाळलं.

शाळा काही फार लांब नव्हती. दहा मिनिटं गेली असतील. मास्तर अनवाणी धावत आले. दारातूनच त्यांनी शेठना पाहिलं, जवळची कळशी पाहिली, भरलेली. त्यांनी कळशी उचलून पाण्याची धार शेठच्या तोंडावर धरली. शेठ धडपडायला लागले, हात झटकायला लागले, नको नको म्हणायला लागले. मास्तर त्यांच्या छातीवर गुडघा देऊन बसले, बोटांनी पापण्या उघडल्या आणि मला म्हणाले, पाणी आणा, आणखी आणा. पडवीतली सगळी मडकी रिकामी झाली, गाळून ठेवलेलं पाणी संपलं, मग विहिरीचं. दवाखान्याचे डॉक्टर येईपर्यंत ते ओतत राहिले. धुळ्याला नेल्यावर उजवा डोळा वाचला, थोडा अंधुक. डावा गेला.

बाटलीत उरलेला द्रव मास्तरांनी तोंडाला फडकं बांधून, एकट्यानेच, त्यांच्या शेतातल्या खड्ड्यात कोरड्या चुन्यावर थोडा थोडा करून संपवला. कोणाला जवळ येऊ दिलं नाही. त्यानंतर त्यांनी शास्त्राच्या खोलीला कुलूप लावलं. वर्गात यायचे, पुस्तक उघडायचे, वाचून दाखवायचे, मिटायचे. धूर नाही, आरोळ्या नाहीत. माझे राजे आता निवांत राज्य करत होते, आणि मला ती शांतता खायला उठायची.

एकदा मी धीर करून त्यांना सांगितलं, की शेठाणीबाईंचा हात मी धरला होता, तुम्ही स्वतःला एवढं खाऊ नका.

"शास्त्रीबुवा, तुम्हाले कोनी शिकाडं व्हतं ते सांगा ना," ते म्हणाले.

मग त्यांनी साध्या मराठीत, वर्गात सांगावं तसं सांगितलं. बाटलीत पाणी गेलं तर घात होतो, कारण थोड्या पाण्याने तो द्रव खवळतो. पण अंगावर चार थेंब उडाले तर भरपूर पाणी ओतायचं, कारण त्यातच तो विरतो, वाहून जातो, उष्णताही निघून जाते. कारखान्यात पहिल्या दिवशी हे दोन्ही एकत्र सांगत. मी पोरांना बाटलीची काळजी शिकवली, माणसाची शिकवली नाही. तो अर्धा भाग मला इतका उघड वाटला, की सांगायचं सुचलंच नाही. आणि ज्याने सगळ्यांत मन लावून ऐकलं त्याचाच डोळा गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडमास्तरांकडे राजीनामा दिला. दिवाळीच्या सुट्टीपासून कळसाडीला शेती. आपण शिकवण्याच्या लायकीचे नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. हेडमास्तरांनी समजावलं, मी भांडलो. काही उपयोग झाला नाही.

शेठकडे ते जात होते, रोज. डोळ्यात औषध घालायचे आणि मान खाली घालून परत यायचे. शेठ त्यांना समजावण्यासाठी पुन्हा पुन्हा म्हणत, मास्तर, तुम्ही सांगितलं तस्संच केलं मी, अक्षरसुद्धा मोडलं नाही. बिचाऱ्याला वाटे यात मास्तरांचा मान आहे. मास्तर त्या वाक्यासरशी उठून उभे राहत.

मला तेव्हाच धुळ्याच्या एका शाळेत जागा मिळाली. सुट्टी लागायच्या दिवशी दुपारच्या मोटारीने निघायचं होतं. सामान अड्ड्यावर ठेवून मी निरोप घ्यायला शाळेत आलो. मास्तरांचा शेवटचा तास चालू होता. हेडमास्तर व्हरांड्यात येरझारा घालत होते, राजीनाम्याचा कागद कोटाच्या खिशात, त्या दिवशी तो वर पाठवायचा होता. तेवढ्यात फाटकातून केसरीशेठ आले. डाव्या डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी, हात शेठाणींच्या खांद्यावर. त्या पदर पुढे ओढून चालत होत्या. शाळेत त्या दोघांनीही त्याआधी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

शेठ वर्गाच्या दारात उभे राहिले. पोरं आपोआप उठली. मास्तर वाचायचे थांबले. शेठ चाचपडत पहिल्या बाकापर्यंत गेले, तिथल्या पोराला सरकायला सांगितलं आणि बसले. एवढासा बाक, गुडघे छातीशी आले.

"मास्तर, तुम्ही माले अर्धं सांगं व्हतं," ते म्हणाले. "ऱ्हायेल अर्धं कोन सांगी? मी ऐकाले ऊनू."

मास्तर पुस्तक हातात धरून तसेच उभे. मी व्हरांड्यातून बघत होतो. मला वाटलं, हे आता बाहेर निघून येणार. शेठाणी दाराशी भिंतीला धरून उभ्या होत्या, त्याही मास्तरांकडेच बघत होत्या.

मास्तरांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. खडू घेतला, पण लिहिलं काही नाही.

"बाटलीमा पानी नही," ते म्हणाले. आवाज फाटलेला. खोकले, आणि पुन्हा सुरुवात केली. "मानूसवर पानी. जितलं भेटी तितलं. डोया उघडा धरीसन."

साठ पोरांपैकी कोणी आरोळी दिली नाही.

"कितला येळ?" शेठने विचारलं. बाकावर बसलेल्या विद्यार्थ्यासारखंच विचारलं.

"डॉक्टर येस तोपावत. आनि माले बलावाले कोनी जावानं नही. माले इचारानं नही. पानी वतानं."

शेठने मान हलवली आणि ते वाक्य हळू आवाजात स्वतःशी म्हणून पाहिलं. एका ठिकाणी चुकले. मास्तर टेबलामागून पुढे आले, त्यांच्यासमोर उकिडवे बसले, आणि त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. माझी मोटार सुटायची वेळ झाली होती, म्हणून मी निरोप न घेताच निघालो.